सुपर ड्युटीची ॲल्युमिनियम बॉडी: मिठाच्या रस्त्यांवर वापरलेली गाडी घ्यावी का?

हिरवळवाला

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये लँडस्केपिंग आणि हिवाळ्यात बर्फ काढण्याच्या कामासाठी वापरलेली हेवी ड्युटी पिकअप घ्यायची आहे. 2018 ते 2020 मधली फोर्ड एफ-250 किंवा एफ-350 (म्हणजे फोर्डची सुपर ड्युटी), चार दारांची क्रू कॅब, फोर बाय फोर. दुसरा पर्याय रॅम 2500. उन्हाळ्यात 12,000 पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (ज्याची पिन हौद्यातल्या हिचवर टेकते) ओढायचा आहे, हिवाळ्यात पुढे प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं, आणि हौद्यात मीठ टाकायचं यंत्र.

प्रश्न असे:

1. फोर्डने हेवी ड्युटीत ॲल्युमिनियम नेमकं कशासाठी आणलं? ओझं वाहायच्या गाडीला हलका पत्रा म्हणजे कमजोर गाडी, असं इथे बरेच जण म्हणतात.
2. ॲल्युमिनियमला गंज लागत नाही हे मिठाच्या रस्त्यांवर कितपत खरं?
3. दगड, पेव्हर, सिमेंटच्या गोण्या टाकून हौदा टिकेल का?
4. पोचा आला किंवा अपघात झाला तर दुरुस्ती कुठे आणि कशी?

---

चासीवेडा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

फोर्डने 2015 च्या एफ-150 ला ॲल्युमिनियमची बॉडी दिली आणि ती गाडी जुन्या गाडीपेक्षा 700 पौंडांपर्यंत हलकी झाली. त्यामागे इंधनबचतीचे नियम होते. सुपर ड्युटीचं कारण वेगळं आहे. 8,500 पौंडांच्या वर जीव्हीडब्ल्यूआर (ओझ्यासकट गाडीचं ठरवून दिलेलं कमाल वजन) असलेल्या पिकअपला अमेरिकेत काचेवर मायलेजचं लेबल लावावंच लागत नाही. मग वजन कशाला कमी करायचं? तर बॉडीतून वाचलेलं वजन चासीत घालता यावं म्हणून.

2017 ची सुपर ड्युटी सप्टेंबर 2015 मध्ये टेक्सासच्या स्टेट फेअरमध्ये दाखवली गेली. 1999 च्या मॉडेलनंतर पहिल्यांदाच गाडी पायापासून नवी केली होती. कॅब आणि हौदा ॲल्युमिनियमचा, पण चासी पोलादाचीच, आणि तीही 95 टक्क्यांहून जास्त हाय-स्ट्रेंग्थ पोलादाची. पिकअपमध्ये तिचे लांब बीम आता पूर्ण बंद चौकोनी आहेत. चासीचा ताठपणा जुनीच्या 24 पटींपर्यंत असल्याचं कंपनी सांगते. ही 'पर्यंत'वाली संख्या आहे. मागची उघडी सी-आकाराची चासी आणि नवी बंद चासी यांची पिळाच्या बाबतीत तुलना केली की एवढा फरक कागदावर निघू शकतो, त्यामुळे तिला फार कवटाळू नका. पण दिशा खरी आहे: उघडा सेक्शन बंद केला की पिळाला विरोध कित्येक पटींनी वाढतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की चासी, ॲक्सल, ब्रेक, हिचचे भाग असं सगळं जाड केल्यावरही गाडी जास्तीत जास्त 350 पौंडांनीच हलकी झाली. बॉडीत त्याहून बरंच जास्त वाचलं होतं, उरलेलं खाली खर्च झालं. म्हणून 'हलका पत्रा म्हणजे कमजोर गाडी' हे चुकीच्या जागी बोट ठेवणं आहे. ओझं पत्रा वाहतच नाही. ते चासी, पाटे, ॲक्सल आणि टायर वाहतात.

आता पत्र्याविषयी. ॲल्युमिनियमची घनता 2.7, पोलादाची 7.85. ताठपणाचं गुणांकही पोलादाच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण 70 विरुद्ध 210 गिगापास्कल. त्यामुळे त्याच जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा लावला तर तो लपलपेल. जाडी वाढवावी लागते, आणि वाढवूनही वजन बरंच कमी राहतं. बहुतेक पॅनल 6000 मालिकेच्या मिश्रधातूचे असतात, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. हा पत्रा प्रेसमध्ये दाबताना मऊ असतो आणि रंगाच्या भट्टीतून जाताना कडक होतो. ही भट्टीतली कडकी चौथ्या प्रश्नात फार महत्त्वाची आहे, कारण गॅरेजमध्ये भलतीच उष्णता दिली की ती निघून जाते.

---

पत्रेकाम

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून सविस्तर.

ॲल्युमिनियमला लाल गंज येत नाही, कारण त्यात लोखंड नाही. पण ते खराब होतच नाही, हे खोटं. उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि धातू सांभाळतो. क्लोराइड, म्हणजे रस्त्यावरचं मीठ, हा थर ठिकठिकाणी फोडतं. मग पांढरी भुकटी, खड्डे आणि रंगाखाली दोऱ्यासारखे फुगवटे दिसतात. रंग फोडला तर खाली पांढरा चुरा सापडतो.

बहुतेक त्रास दोन कारणांनी होतो. पहिलं, लोखंडाचे कण. ग्राइंडरची ठिणगी किंवा पोलादावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमवर फिरला की कण रुततात, वर रंग चढतो आणि काही हिवाळ्यांनी तिथे फोड येतो. फोर्डच्याच 2004 च्या सेवा-पत्रकात ॲल्युमिनियम भागांच्या रंगाखालच्या फोडांचं कारण रंगाआधी धातूत रुतलेले लोखंडाचे कण असं दिलं होतं. दुसरं कारण, दोन धातूंची गाठ. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारट पाणी असेल, तर ॲल्युमिनियम झिजतं.

इथे एक गैरसमज सर्रास आहे: 'स्टेनलेसचे बोल्ट लावा, काळजी मिटली.' बोल्टला गंज चढणार नाही हे बरोबर. पण ॲल्युमिनियमच्या दृष्टीने स्टेनलेस हे जस्ताच्या लेपाच्या पोलादापेक्षा जास्त दूरचं, म्हणजे जास्त खाणारं. मोठ्या पत्र्यात एखादा छोटा स्टेनलेस बोल्ट चालून जातो, कारण झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते. उलट, मोठी स्टेनलेसची पाटी आणि तिच्याखाली रंग खरवडलेला छोटासा ॲल्युमिनियमचा भाग, हे वाईट. तांबं-पितळ तर थेट टेकूच देऊ नका. अर्थिंगसाठी टिनचा मुलामा असलेली रिंग वापरा, आणि तीही कंपनीने नेमून दिलेल्या जागीच. पत्र्यावर कुठेही स्क्रू मारून अर्थ घ्यायची जुनी सवय या गाडीत सोडायची.

प्लाऊची काळजी नको. त्याचा माउंट पोलादी चासीला बोल्टने बसतो, बॉडीला लागत नाही. काळजी टूलबॉक्सची आणि मिठाच्या यंत्राची. टूलबॉक्स हौद्याच्या कडेवर क्लॅम्पने बसवताना खाली बंद पेशींच्या ईपीडीएम रबराची पट्टी द्या. उघड्या पेशींचा फोम पाणी शोषतो आणि खारं पाणी तिथेच धरून ठेवतो. क्लॅम्पच्या जबड्यालाही नायलॉनचा तुकडा हवा, नाहीतर वरून रबर आणि खालून उघडं पोलाद अशी अर्धवट सोय होते.

भोक पाडावंच लागलं तर क्रम असा. नवं किंवा फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेलं ड्रिल बिट. मग भोकाच्या कडेला उभी राहिलेली धारदार बर काढा, चुरा व्हॅक्यूमने उचला (हवेने उडवला तर तो सांध्यांत जाऊन बसतो), क्लीनरने पुसा आणि भोकाच्या आतल्या काठाला ब्रशने इपॉक्सी प्रायमर लावा. तो वाळला की नायलॉनचा बुश, दोन्ही बाजूंना नायलॉन वॉशर, जस्त-ॲल्युमिनियम फ्लेक लेपाचा बोल्ट, शेवटी सीलर. अर्ध्या तासाचं काम आहे. याला फाटा दिलेली जागा मिठाच्या रस्त्यावर लवकर बोलू लागते.

मिठाचं यंत्र प्लास्टिकच्या टाकीचं घ्या आणि त्याला उंच पाय असू द्या, म्हणजे खालून पाण्याचा फवारा मारता येईल. खाली पूर्ण रबरी मॅट अंथरली की खारं पाणी तिच्याखाली साचतं. तयार मिळणारा प्लास्टिकचा सुटा बेडलायनर (हौद्याचं अस्तर) या कामाला नकोच: तो हलतो, कडा रंग घासतात, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. फवारून बसवलेला लायनर बरा, मात्र तो बसवताना दुकानदार पृष्ठभाग खरवडतो तेव्हा ते कागद आणि चकत्या पोलादावर वापरलेल्या नसाव्यात, हे आधी विचारून घ्या.

लँडस्केपिंगवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ओलं सिमेंट आणि चुना तीव्र अल्कधर्मी असतात आणि ॲल्युमिनियमवर सरळ हल्ला करतात. फाटलेल्या गोणीखाली पाणी गेलं की त्याच दिवशी धुवा. आणि तांब्याचं संरक्षण दिलेलं हिरवट लाकूड, जे कुंपणाला आणि डेकला वापरतात, ते ओलं असताना उघड्या ॲल्युमिनियमवर दिवसेंदिवस ठेवू नका. त्यातलं तांबं धातूवर उतरतं आणि खड्डे पाडतं. यंत्राखाली पाचर म्हणूनही असलं लाकूड नको.

दगडांचा प्रश्न. 2016 मध्ये शेव्हरोलेच्या जाहिरातीत 825 पौंडांचे लँडस्केपिंगचे ठोकळे लोडरने वरून हौद्यात ओतले होते. सिल्व्हराडोच्या हौद्याला पोचे आले, एफ-150 च्या हौद्याला आरपार भोकं पडली. ती प्रतिस्पर्ध्याची जाहिरात होती, आणि गाडी एफ-150 होती, सुपर ड्युटी नव्हे. तरी त्यामागचं भौतिकशास्त्र खोटं नाही. फाटण्याआधी ॲल्युमिनियम मऊ पोलादाइतकं ताणलं जात नाही, त्यात भट्टीत कडक झालेला पत्रा. टोकदार कोपरा जोरात बसला तर पोलाद दबेल, हे चिरेल. म्हणून लोडरची बादली हौद्याच्या तळापर्यंत खाली आणूनच ओतायला सांगा, सुट्या दगडांआधी वाळूचा किंवा मल्चचा थर पडू द्या, आणि रोजचंच काम असेल तर पाऊण इंची प्लायवुड (साधं, संस्कारित नव्हे) टाका. हिवाळा सुरू झाला की ते काढून ठेवा.

---

हिरवळवाला

खूप उपयोगी माहिती, पत्रेकाम. संस्कारित लाकडाचं कुठेच वाचलं नव्हतं. दोन उपप्रश्न: गाडी बघायला जाताना नेमकं कुठे बघू? आणि 12,000 पौंडांच्या फिफ्थ-व्हीलला एफ-250 पुरेल का, की एफ-350 च घ्यावी? डिझेल की पेट्रोल हेही ठरत नाहीये.

---

तोलमापे

वजनाचं मी सांगतो. ट्रेलर ओढायची कमाल क्षमता ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात असते, पण फिफ्थ-व्हीलमध्ये आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःवर वाहायचं कमाल ओझं.

हिशोब करा. फिफ्थ-व्हीलच्या पिनवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण 20 टक्के भार येतो. 12,000 चे 2,400 पौंड. हिच 150, चार माणसं 600, अवजारं 200. झाले 3,350 पौंड. आता ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा पिवळा-पांढरा टायरचा स्टिकर बघा, त्यावर त्या विशिष्ट गाडीचा पेलोड छापलेला असतो. एफ-250 चा जीव्हीडब्ल्यूआर सहसा 10,000 पौंडांवर थांबतो. डिझेल इंजिन, क्रू कॅब आणि फोर बाय फोर घेतलं की त्यातलं बरंचसं गाडीतच जातं. अशा गाड्यांच्या स्टिकरवर 3,000 च्या आतला आकडा दिसणं नेहमीचं आहे. म्हणजे तुमच्या कामाला ती कमी पडते, ट्रेलर ओढायची ताकद भरपूर असूनही.

काही एफ-250 तर मुद्दाम 9,900 पौंडांवर नोंदवलेल्या असतात, नोंदणीच्या आणि नियमांच्या सोयीसाठी. त्यांचा स्टिकर आणखी कमी दाखवतो. ऑनलाइन जाहिरातीवर विसंबू नका, स्टिकरचा फोटो मागवा.

मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या एफ-350 चा जीव्हीडब्ल्यूआर साधारण 11,500 पर्यंत जातो. किमतीतला फरक वापरलेल्या बाजारात फार नसतो. व्यावसायिक परवान्याचंही बघून ठेवा: गाडी आणि ट्रेलरचे नोंदणीकृत आकडे मिळून 26,001 पौंड किंवा जास्त आणि ट्रेलर 10,000 च्या वर, असं झालं की हा परवाना, म्हणजे सीडीएल, लागतो. 11,500 ची गाडी आणि 14,000 चा ट्रेलर मिळून 25,500, म्हणजे आत. व्यवसायासाठी राज्याबाहेर जात असाल तर 10,001 पासूनच संघीय नियम लागू होतात, ट्रेलरसकट.

इंजिन: प्लाऊ आणि डिझेल दोन्ही एकाच पुढच्या ॲक्सलवर बसतात. 6.7 लिटर डिझेल पेट्रोल इंजिनापेक्षा काहीशे पौंडांनी जड आहे, आणि प्लाऊ वर उचललेला असताना त्याचा पूर्ण भार पुढे येतो. प्लाऊच्या कामाला 6.2 लिटर पेट्रोल समंजस निवड आहे. 2020 ची गाडी मिळाली तर 7.3 लिटर पेट्रोल आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक, माझ्या मते तुमच्या दोन्ही कामांचा सगळ्यात चांगला मेळ. काहीही घेतलं तरी कारखान्यातून आलेलं प्लाऊ पॅकेज आहे का ते बघा. त्यात पुढच्या स्प्रिंगा जड असतात. आणि फिफ्थ-व्हीलसाठी कारखान्याची हिच-तयारी असलेलीच गाडी शोधा. तिच्या हौद्याखाली पोलादी आडवा बीम असतो आणि भार थेट चासीला जातो. नंतर बाजारातले रेल ॲल्युमिनियमच्या तळातून बोल्ट मारून बसवले की पत्रेकाम यांनी वर सांगितलेलं सगळं सव्यापसव्य करावं लागतं.

---

पत्रेकाम

बघायला जाताना सोबत काय न्यायचं ते आधी. चुंबक निरुपयोगी, पुट्टी शोधायला पोलादी गाडीवर तो चालतो, इथे चिकटणारच नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्या, पण स्वस्तातलं फक्त चुंबकी असेल तर ते ॲल्युमिनियमवर आकडाच देत नाही. लोखंडी आणि बिगर-लोखंडी दोन्ही पृष्ठभाग मोजणारं हवं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन. 300 च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलेली. हजाराच्या पुढे म्हणजे खाली पुट्टी.

बघायच्या जागा: बॉनेटची पुढची दुमडलेली कड, दारांची खालची दुमड, टेलगेटचा तळ आणि नंबरप्लेटच्या दिव्याभोवती, चाकांच्या कमानीची ओठासारखी कड, हौद्याच्या बोल्टांभोवती, आणि आधीच्या मालकाने काही बसवून काढलेलं असेल तर ती भोकं. दुमडीवर बोट फिरवा. डोळ्याला दिसण्याआधी बारीक पुरळ बोटाला लागतं. दुमडीत सुरू झालेलं वरून घासून रंगवलं तर परत येतं, तिथे पॅनल बदलणं हाच इलाज.

मग गाडीखाली जा, कारण बॉडी चकचकीत आणि खाली सगळं कुजलेलं, अशी फसवणूक ॲल्युमिनियमच्या गाडीतच जास्त होते. चासी, ब्रेकच्या नळ्या, पाट्यांचे शॅकल, डिझेल टाकीचे पट्टे सगळे पोलादाचे आहेत. हातोडीने चासीवर टोकरून बघा, पापुद्रे निघाले तर सोडून द्या. पुढे सॉलिड ॲक्सल असल्यामुळे ट्रॅक बारचे बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंग डँपर यांच्यातला ढिलेपणा तपासा. खड्ड्यावरून वेगात जाताना स्टिअरिंग जोराने थरथरायला लागतं, त्याचं मूळ तिथे असतं.

आता दुरुस्ती. छोटा पोचा पोलादासारखा ठोकून परत येत नाही. धातू थंड असताना ठोकला तर तडकतो. आधी गरम करावा लागतो, आणि इथेच नवखा कारागीर गाडी बिघडवतो: ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, साधारण 600 अंशांच्या वर सरळ वितळून खाली पडतं, आणि भट्टीतली कडकी त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. चकाकत्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा देतो. तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या किंवा खडू वापरतात. पॅनलवर कंपनीच्या पुस्तिकेतली मर्यादा ओलांडायची नाही. पोलादाचा वॉशर वेल्ड करून ओढायची पद्धत चालत नाही. ॲल्युमिनियमचे छोटे स्टड कॅपॅसिटरच्या मशीनने चिकटवून ओढतात.

पॅनल बदलायचं तर सांधे आहेत सेल्फ-पिअर्सिंग रिव्हेट आणि स्ट्रक्चरल ॲडहेसिव्हचे. हा रिव्हेट कडक पोलादाचा असतो. वरचा पत्रा भेदतो आणि खालच्या पत्र्यात फाकतो, आरपार जात नाही. ड्रिलने काढायला गेलात तर बिट घसरून पत्रा खराब. डोक्यावर पिन वेल्ड करून ओढून काढतात. नवा बसवायला दोन्ही बाजूंनी जबडा पोहोचावा लागतो. नाही पोहोचला तर पुस्तिकेने सांगितलेला ब्लाइंड रिव्हेट. वेल्डिंग असेल तिथे पल्स मिग, शुद्ध अरगॉन, आणि वेल्ड करायच्या जागेवर ॲडहेसिव्ह नाही.

गॅरेज निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. ॲल्युमिनियमच्या कामाची जागा पडद्याने किंवा खोलीने वेगळी आहे का. हातोड्या, ब्रश, सँडर यांचा वेगळा, खूण केलेला संच आहे का. आणि धूळ ओढायचं यंत्र ओल्या पद्धतीचं आहे का. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत स्फोटक असते, आणि लोखंडाच्या गंजाच्या चुऱ्यात मिसळली तर ठिणगीने भडकणारं मिश्रण तयार होतं. ज्या दुकानात एकाच ग्राइंडरवर दोन्ही धातू घासलेले दिसतील, तिथे गाडी देऊ नका.

खर्च जास्त येतोच. आयआयएचएस या अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा-संशोधन संस्थेने 2015 मध्ये ताशी 10 मैलांनी एफ-150 ची एफ-150 ला पुढून-मागून टक्कर घडवून पाहिली, तेव्हा ॲल्युमिनियमच्या गाडीचं बिल आदल्या वर्षीच्या पोलादी गाडीपेक्षा 26 टक्क्यांनी मोठं निघालं. तेव्हापासून यंत्रं आणि प्रशिक्षित दुकानं वाढली आहेत, पण छोट्या गावात आजही गाडी तासभर टो करून न्यावी लागू शकते. विम्याच्या पॉलिसीत टोइंगचं अंतर वाढवून घ्या.

---

पोलादी_पाटे

थोडा विरोधी सूर. रॅमने 2019 च्या हेवी ड्युटीत कॅब आणि हौदा पोलादाचाच ठेवला, ॲल्युमिनियम बॉनेटपुरतं. तरीही कमिन्स डिझेलच्या जोरावर 1,000 पौंड-फूट टॉर्क पहिल्यांदा त्यांनीच दिला. शेव्हरोलेच्या 2020 च्या हेवी ड्युटीचा हौदाही पोलादी. म्हणजे ओझं वाहायला ॲल्युमिनियम लागतंच असं नाही. हौद्यात रोज दगड, गावात साधंच डेंटिंग-पेंटिंगचं दुकान, आणि गाडी सात-आठ वर्षांत बदलायची, असं असेल तर पोलादी गाडी जास्त सोपी पडते. चाकांच्या कमानी गंजतील, पण तो गंज दिसतो आणि कुठलाही कारागीर कापून तुकडा लावतो.

आणखी एक, पत्र्याच्या पुरवठ्याचं. फोर्डला ॲल्युमिनियमचा पत्रा देणाऱ्यांत नोव्हेलिस प्रमुख आहे, आणि नोव्हेलिस 2007 पासून मुंबईच्या हिंदाल्कोची. सप्टेंबर 2025 मध्ये तिच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो कारखान्याला आग लागली तेव्हा फोर्डच्या पिकअपचं उत्पादन अडलं होतं. असा पत्रा बनवणारे मोजकेच आहेत, हे पॅनलची वाट बघताना जाणवतं.

---

चासीवेडा

पोलादी_पाटे यांचा दगडांचा मुद्दा मान्य. पण धागाकर्त्याचं हिवाळ्याचं काम मिठाचं आहे, आणि मिठाच्या गाडीत सगळ्यात आधी जातात त्या कमानी, दारांचे तळ आणि हौद्याचे सांधे. तिथे ॲल्युमिनियम पोलादाच्या पुढे आहे, गाठी नीट वेगळ्या ठेवल्या तर. माझी पसंती 2020 ची एफ-350, 7.3 पेट्रोल, प्लाऊ आणि हिच-तयारीसह. घेतल्यावर पहिल्याच शरद ऋतूत चासीला आतून-बाहेरून लॅनोलिन किंवा मेणाचं तेल फवारून घ्या. बंद चौकोनी बीमच्या आतली बाजू विसरू नका, लांब नळीची नोझल भोकांतून आत घालूनच ती होते. पाणी निघायची भोकं तेलाने बुजली नाहीत ना, ते काम झाल्यावर तारेने तपासा.

---

हिरवळवाला

ठरलं, एफ-350 शोधतो. एक शेवटचं: आधीच्या मालकाने फवारलेला लायनर असेल तर खालची स्थिती कशी कळणार?

---

पत्रेकाम

पूर्ण कळत नाही, पण अंदाज येतो. हौद्याच्या खालून टॉर्च मारून तळाची उलटी बाजू बघा, लायनर फक्त वरून असतो. बोल्ट आणि आडव्या बीमच्या टेकूजवळ पांढरी भुकटी आहे का? वरून लायनरवर नाण्याने टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे तो सुटलाय आणि खाली पाणी असण्याची शक्यता आहे. ड्रेनच्या भोकांची कड आणि पुढच्या भिंतीचा खालचा कोपरा इथे लायनर आधी सुटतो. दोनच ठिकाणी सुटला असेल तर किंमत पाडून घ्या, तेवढा भाग कापून, इपॉक्सी प्रायमर देऊन पुन्हा फवारता येतो. तळभर पोकळ आवाज आला तर दुसरी गाडी बघा.